न मोजलेले गोल

अंधेरी-घाटकोपरच्या कुठल्याही गल्लीत एखाद्या शाळकरी पोराला विचारा, सचिन तेंडुलकरची आंतरराष्ट्रीय शतकं किती? 'शंभर' हे उत्तर तयार असतं. आता विचारा, धनराज पिल्लेचे गोल किती? पोरगं गप्प होईल. पण त्याला हसू नका. हा आकडा हॉकी महासंघालाही सांगता आला नाही.

धनराज 1989 ते 2004 भारताकडून खेळला. 339 सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई स्पर्धा. आघाडीचा हा खेळाडू. गोल करणं हेच त्याचं काम. आणि नेमके तेच अधिकृतपणे कुणी लिहून ठेवले नाहीत. जाणकार अंदाजानं 170 च्या आसपास सांगतात.

तो वाढला खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत. वडील मैदानाची देखभाल करायचे. नवी स्टिक परवडत नसे, म्हणून भावंडं मोडक्या स्टिका घेऊन खेळायची. ऐंशीच्या दशकात धनराज मुंबईत आला. थोरला भाऊ रमेश तेव्हा चेंबूरच्या आरसीएफकडून खेळत होता. आधी थोरल्यानं यायचं, मग धाकट्याला बोलवायचं, ही आपल्या उपनगरांतल्या कितीतरी घरांची रीत. पुढे महिंद्राच्या संघात जोकिम कार्व्हालो यांनी त्याला घडवलं. नंतर एअर इंडियाची नोकरी लागली.

1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता. अंतिम सामन्यात कोरियाला टायब्रेकरवर हरवून भारतानं सुवर्णपदक जिंकलं, तब्बल 32 वर्षांनी. असा संघ घरी परतल्यावर काय व्हावं? धनराजसह काही खेळाडूंना वगळण्यात आलं. कारण दिलं गेलं, 'विश्रांती'. मानधनाबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा आहे, असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. पुढे तो संघात परतला. खेलरत्न मिळालं, पद्मश्री मिळाली.

मी कवी माणूस. आकडेमोडीशी माझं फारसं सख्य नाही. तरी हे न मोजलेले गोल मला खटकतात. गिरणीत असो वा कचेरीत, हजेरीपट असला की कामगार हक्कानं म्हणू शकतो, 'हे माझं काम, आता माझा दाम द्या.' पट कोरा असेल तर मागणाऱ्याला उद्धट ठरवणं सोपं जातं. हट्टी, तापट ही विशेषणं धनराजला पुष्कळ लावली गेली. त्याच्या गोलांचा हिशेब मात्र ठेवला गेला नाही.

म्हणून बोरिवली-मुलुंडच्या शाळांमधल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती करतो. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक सामन्याची तारीख, खेळणाऱ्या मुलामुलींची नावं आणि गोल कुणी केला, हे लिहा. त्या गोलासाठी चेंडू कुणी पुढे दिला, त्याचंही नाव शेजारी लिहायला विसरू नका.