सार्वजनिक काका : लोकांचे वकीलपत्र



गणेश वासुदेव जोशी हे नाव उच्चारले तर पुष्कळांना ओळख पटणार नाही. ‘सार्वजनिक काका’ म्हटले की पुण्याची सार्वजनिक सभा डोळ्यांसमोर उभी राहते. १८२८ साली साताऱ्यास जन्मलेले काका तरुणपणी पुण्यास आले. प्रथम त्यांनी कारकुनी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन ते वकील झाले.

पक्षकाराने वकीलपत्र दिल्याखेरीज त्याच्या वतीने बोलावयाचे नाही, हा वकिलाचा पहिला धर्म. काकांनी तो राजकारणात आणला. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या तक्रारी होत्या. परंतु त्या कोणाच्या वतीने मांडावयाच्या? या प्रश्नातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा जन्मास आली. निदान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र जो आणील, त्यासच सभासदत्व, असा तिचा नियम होता. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांचे बळ होते. विधिमंडळावर प्रतिनिधी निवडून पाठविण्याचा हक्क रयतेला नव्हता, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि सभेला त्यांचे मार्गदर्शन लाभले. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. केवळ गाऱ्हाणे न मांडता त्यास पुराव्याची जोड द्यावयाची, ही वकिलाचीच शिस्त होय. स्वदेशीचे व्रत घेतलेले काका १८७७ च्या दिल्ली दरबारासही खादीच्या वेषातच गेले.

त्यांची खरी कसोटी १८७९ साली लागली. सशस्त्र बंडाबद्दल वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला उभा राहिला. काकांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा, फडक्यांचा शस्त्राचा. अशा आरोपीच्या बाजूने उभे राहणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. तरीही काकांनी त्यांचा बचाव केला. फडक्यांना जन्मठेप झाली; परंतु आरोपीची बाजू मांडली गेलीच पाहिजे, हे तत्त्व काकांनी सोडले नाही. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्यांचे निधन झाले.

आज ग्रामपंचायतीच्या सदस्यास मतदार मताच्या रूपाने वकीलपत्रच देत असतात. ते आपणांस कोणी दिले आणि कशासाठी दिले, याचे स्मरण प्रत्येक बैठकीत ठेवणे, हीच काकांना खरी आदरांजली ठरेल.