फुलराणी आणि भादली

पुण्याच्या पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसला नाही, असा माझ्या वयाचा माणूस पुण्याच्या पंचक्रोशीत सापडणे कठीण. पर्वतीच्या पायथ्याशी, सारसबागेला लागून असलेल्या या बागेत ८ एप्रिल १९५६ रोजी ही चिमुकली आगगाडी सुरू झाली. बागेला एक फेरी मारायची आणि निघाली तिथेच परत यायचे, एवढाच तिचा प्रवास.

आम्ही दौंडचे. अब्बा रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज मैलोन् मैल रुळावरून चालायचे, सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या, ही त्यांची नोकरी. ईदच्या दुसऱ्या दिवशी पासावर आम्हाला पुण्याला आणत. आम्ही वाघ, माकडे बघत असू. अब्बा फुलराणीचे रूळ बघत. एकदा वाकून त्यांनी बोटाने सांधा चाचपला आणि अम्मीला म्हणाले, "पटरी बराबर है." त्यानंतरच आम्हाला डब्यात बसू दिले. अम्मी हसली. मला मात्र चारचौघांत लाज वाटली होती, हे आज कबूल करतो.

फुलराणी म्हटले की मराठी माणसाला बालकवी आठवतात. त्यांच्या कवितेत एका कळीचे सूर्यकिरणाशी लग्न लागते. शाळेत ती कविता शिकवून झाल्यावर आमच्या गुरुजींनी सांगितले, की ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. वर्ग चिडीचूप झाला. ज्या कवीचा जीव आगगाडीने घेतला, त्याच्याच कवितेचे नाव पोरांच्या आगगाडीला! हे कुणाच्या लक्षात आले नसेल का? की मुलांच्या गाडीला याहून गोड नाव सुचलेच नसेल? मला दुसरे अधिक खरे वाटते.

घरी येऊन अब्बांना सांगितले. कविता त्यांना ठाऊक नव्हती. भादली ठाऊक होते, भुसावळच्या अलीकडचे. जेवता जेवता त्यांचा हात थांबला. म्हणाले, "ड्रायवरने शिटी मारी थी क्या?"

गुरुजींनी ते सांगितले नव्हते. रुळावरची माणसे अब्बांनी उचललेली होती, हे मला फार पुढे अम्मीकडून कळले. घरात ते कधीच बोलले नाहीत.

१९९९ मध्ये कात्रजचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. फुलराणी बागेतच राहिली. काही वर्षांपूर्वी नातीला घेऊन गेलो. अब्बा तेव्हा नव्हते. गाडी सुटण्याआधी मी उगाच खाली वाकून रुळाकडे पाहिले. नातीने विचारले, "नाना, हिचं नाव फुलराणी का?"

मी तिला कळीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. सांगून होईस्तोवर फेरी संपली होती. भादलीचे काही बोललो नाही.