तांबूचा पाय

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी सावरली आहेत.)

मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय तो ऐकू येत असेल, आज तो तसाच राहणार आहे. आमच्याकडे कोकणात जुलैमध्ये पाऊस थांबायची वाट बघत बसले, तर हा भाग थेट गणपतीनंतर येईल.

आजचा विषय कोंबडीचा पाय. खायचा नव्हे, चालायचा. गेल्या पंधरा दिवसांत तिघांचे व्हॉइस मेसेज आले आणि तिघांचं म्हणणं साधारण एकच होतं: कोंबडी लंगडतेय, तळपाय सुजलाय, मधोमध काळी खपली आहे, काय करू? त्यातल्या एका दादांनी पुढे विचारलंय, "की कापूनच टाकू?" तो प्रश्न मला जरा लागला. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या काळीच्या बाबतीत मी जे जे करायचं नाही, ते सगळं ओळीने केलं होतं. म्हणून आधी काळीचं सांगते, मग तांबूचं.

काळी म्हणजे गिरिराज. तीन किलोच्या वर वजन. खुराड्यात झोपायला तयार नाही. पडवीतल्या लाकडांच्या राशीवरून टप्प्याटप्प्याने वर चढायची आणि अगदी वर जाऊन बसायची. पहाटे मात्र टप्पे वगैरे काही नाही, थेट खाली जांभ्याच्या चिऱ्यावर धप्प! आम्ही हसायचो. जांभा किती खरबरीत असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. रोज तोच पाय, तीच उडी, त्यात पावसाने कायम ओली जमीन. कातडीला बारीकशी चीर पडली की झालं, जंतूंना तेवढं पुरतं.

ती लंगडायला लागली तेव्हा मी पाय उलटा करून बघितला. तुरीच्या डाळीएवढी काळी खपली, भोवती सूज. मला वाटलं गळू आहे, दाबलं की पू येईल. दाबलं, काही आलं नाही. जोरात दाबलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी ब्लेड गरम केलं आणि चीर दिली. रक्त आलं, पू नाहीच. मग आपला घरचा उपाय, हळद भरली, चिंधी बांधली आणि दिली सोडून चिखलात. सहाव्या दिवशी सूज वरच्या सांध्यापर्यंत चढली. खाणं सुटलं. सासूबाई म्हणाल्या, "आता तिला हात नको लावूस, पडू दे शांत." दुसऱ्या सकाळी ती गेली. शेजारून निरोप आला होता की वाया कशाला घालवता. पण अंगात जंतू भिनलेली कोंबडी खायची नाही. आंब्याखाली खोल खड्डा करून पुरली.

पुढे लासोटाच्या लशीसाठी तालुक्याच्या दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ताई, कोंबडीचा पू वाहत नाही." मला हे माहीतच नव्हतं! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी जी रसायनं असतात, त्यातली काही पक्ष्यांच्या पेशींमध्ये नसतात. त्यामुळे पक्ष्याचा पू घट्ट होतो, पनीरच्या तुकड्यासारखा. तो दाबून बाहेर येत नाही, उलट आतल्या आत फाटतो आणि जंतू खोल जातात. तळपायाच्या गादीखाली लगेच स्नायूंच्या दोऱ्या आणि हाडं आहेत, तिथे शिरले की मग फार काही हातात राहत नाही. मी दाबून दाबून तेच केलं होतं.

या दुखण्याला इंग्रजीत बंबलफूट म्हणतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. तो माणसालाही त्रास देतो, म्हणून हातमोजे घालायचे. आणि कोंबडीचे पाय स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत. हसू नका, मी पाहिलंय.

आता तांबू. ही देशी, दीड किलोची. काळी गेल्यापासून मी दर रविवारी सगळ्यांचे तळपाय बघते. या जूनमध्ये तांबूच्या डाव्या पायाला मुगाएवढी खपली दिसली. लंगडणं जेमतेम होतं, खाणंपिणं नीट. याच टप्प्यावर सापडलं पाहिजे. फोटो काढले, तिला पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेलं. रांगेत दोन गाई, एक बैल आणि मी कोंबडी घेऊन. लोक बघत होते, बघू देत. डॉक्टरांनी पाय चेपून पाहिला. सांधा गार होता, सूज वर गेलेली नव्हती. म्हणाले, सुरी नको, भिजवा आणि बांधा. सूज मोठी असती, आत गाठ लागली असती, तर त्यांनी भूल देऊन ती काढली असती. ते काम त्यांचं, घरी ब्लेडने करायचं नाही.

रोज संध्याकाळी, अंधार पडता पडता, तेव्हा कोंबड्या आपोआप मंद होतात, तिला जुन्या टॉवेलात गुंडाळायची. डोळ्यांवर टॉवेलाचं टोक टाकलं की गप्प होते. पण छाती आवळायची नाही. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचा पिंजरा हलला तरच तिला श्वास घेता येतो. घट्ट धरली तर हातातच गुदमरेल. लहान मुलांकडे धरायला देताना हे नक्की सांगा.

मग कोमट पाण्यात, कोपर बुडवून सोसेल इतपतच, थोडं एप्सम सॉल्ट घालून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा. एप्सम सॉल्ट मेडिकलमधून आणा, शेतीच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट यासाठी नको. आणि ते पाणी तिला पिऊ द्यायचं नाही, जुलाब होतात. भिजून खपली मऊ होते. आपणहून सुटली तर सुटली, ओढायची नाही. तांबूची नवव्या दिवशी सुटली आणि तिच्याबरोबर पांढरट पिवळा घट्ट तुकडा निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. काळीच्या पायात मी हाच शोधत होते.

नंतर पाय टिपून पूर्ण कोरडा. बेटाडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून जखम धुवायची. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज नको, फेस बघायला बरं वाटतं पण नवी येणारी कातडी जळते. हळदीबद्दल मला माहितीये तुम्ही मेसेज करणार. डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि जखमेत तिचा गिलावा बसतो, आत काय चाललंय ते दिसत नाही. मी आता नाही भरत. त्यावर गॉजची छोटी घडी, आणि पट्टी बोटांच्या मधून आडवीतिडवी फिरवत घोट्याच्या वर आणून चिकटवायची. बांधल्यावर तासाभराने बोटं बघा. गार किंवा सुजलेली वाटली तर पट्टी घट्ट झाली, सोडून पुन्हा बांधा. पट्टी ओली झाली की लगेच बदलायची, ओली पट्टी म्हणजे ओल्या चिखलासारखीच.

हे सगळं होईपर्यंत ती वेगळी, कोरड्या जागी. आमच्याकडे मोठं डालगं होतं, खाली वर्तमानपत्र, त्यावर भाताचा पेंढा, रोज बदलायचा. माश्या बसू द्यायच्या नाहीत, पावसाळ्यात जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी याही वेळी करणार होते. सासूबाईंच्या गुडघ्याचं मलम घरात होतं, म्हटलं तेवढाच ठणका कमी होईल. नशीब, आधी विचारलं. त्यात डायक्लोफिनॅक होतं. तेच औषध, ज्याने आपली गिधाडं संपत आणली. ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडीही पक्षीच, तिलाही ते घातक आहे. डॉक्टरांनी दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम मोजून दिलं, वजन करून. बधिर करणारी मलमंसुद्धा मनाने लावायची नाहीत, एवढ्याशा जिवाला डोस पटकन जास्त होतो.

आणि अंडी. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, हे डॉक्टरांना औषध घेतानाच विचारा. प्रतिजैविक दिलं असेल तर नक्कीच. आमच्या गिऱ्हाईक वहिनींना मी सरळ सांगितलं, यंदा तांबूची अंडी नाहीत. त्या म्हणाल्या, "एवढं कोण बघतं गं?" आपणच बघायचं, दुसरं कोण बघणार? मी ती फोडून खड्ड्यात पुरली. वाईट वाटलं, खोटं नाही सांगत.

तांबूला पूर्ण बरं व्हायला जवळपास चार आठवडे लागले. पण पाय बरा करून तिला पुन्हा त्याच राशीवर चढू दिलं असतं तर मी मूर्खच. लाकडं पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेली. खुराड्यात बसायला पाईप होता, तो काढला. दोन-तीन इंच रुंद, चपटी, रंधा मारलेली फळी बसवली, जमिनीपासून दीड फुटावर. खाली कोब्यावर भाताच्या तुसाचा जाड थर. पाणी सांडायचं ते भांडं कोपऱ्यातून बाहेर काढलं. आणि जड जातीच्या कोंबड्यांना येता जाता मूठमूठ तांदूळ टाकायची सवय मोडली. सासूबाईंची अजून नाही मोडली.

लंगडणं म्हणजे दरवेळी हेच, असंही नाही. बोटाला केस किंवा दोरा आवळला जातो, तो आधी बघा. पायाच्या खवल्या उचललेल्या, खडबडीत असतील तर ते किडे असतात, त्याचा उपाय वेगळा. आणि एक पाय पुढे, एक मागे ताणून कोंबडी पडून राहिली असेल, तळपाय स्वच्छ असेल, तर तो मरेक असू शकतो. तिला लगेच वेगळी करा आणि डॉक्टरांना कळवा.

तर दादा, तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सूज तळपायापुरतीच दिसतेय, आणि ती दाणे टिपतेय असं तुम्हीच म्हणालात. कापू नका. दाबूही नका. उद्या सकाळी तिला दवाखान्यात न्या, पिशवीला हवेसाठी भोकं ठेवा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. सूज सांध्यापर्यंत गेलीय असं त्यांनी सांगितलं तर मात्र तिला ताटकळत ठेवू नका, काय करायचं ते त्यांच्याशी तिथेच बोला.

पुढच्या भागात देवीच्या लशीबद्दल बोलू. आता पत्र्यावर फारच जोर धरलाय, थांबते.