शैक्षणिक सहल : पाहण्याकडून समजण्याकडे



सहल म्हटली की बस, डबे, गाणी आणि एक समूह छायाचित्र एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यातील आनंद हवाच. परंतु ‘शैक्षणिक’ हे विशेषण सार्थ व्हावयाचे असेल, तर मुलांनी सोबत एक प्रश्नही न्यावयास हवा.

वेरूळचेच उदाहरण घ्यावे. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवरील या स्थळी ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. १९८३ मध्ये त्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एवढी माहिती वर्गातही देता येते. त्यासाठी पहाटे उठून बस गाठण्याचे कारण नाही.

ते कारण ३२ व्या लेण्यात, इंद्रसभेत, सापडते. येथील वरचा मजला कोरीव स्तंभांनी व शिल्पांनी समृद्ध आहे. खालचा मात्र अपूर्ण राहिला आहे. शिक्षकाने एवढेच विचारावे : खालचा मजला अपुरा असताना वरचा पूर्ण कसा झाला? घर पायापासून वर चढते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मग निरीक्षण सुरू होते, तर्क लढविले जातात आणि उमगते की हे बांधकाम नव्हेच. डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. त्यानंतर १६ व्या लेण्यातील कैलास मंदिराकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. परीक्षेत मागे पडणारे मूलही येथे पुढे येऊ शकते. कारण कसोटी पाठांतराची नसून डोळसपणाची असते.

‘इंद्रसभा’ या नावातही एक धडा आहे. गजारूढ मूर्ती इंद्राची समजली गेल्याने हे नाव रूढ झाले. अभ्यासक ती यक्षाची मानतात. आम्रवृक्षाखालील सिंहवाहिनी देवी अंबिका होय. रूढ नावही तपासून पाहावे, ही शिकवण मुलांना आयुष्यभर पुरते.

यासाठी सहलीपूर्वी एक तास तयारीचा आणि परतल्यावर एक तास चर्चेचा असावा. एका दिवसात चौतीस लेण्यांची धावपळ करण्यापेक्षा तीन लेणी निवांत पाहावीत. आणि पैशाअभावी एकही मूल मागे राहणार नाही, एवढी जबाबदारी समाजाने उचलावी.

मनात प्रश्न घेऊन परतलेल्या मुलाची सहल बस थांबल्यावरही सुरूच राहते.