ऊन-वाऱ्याची वीज आणि वीजजाळ्याचा तोल
(रामाकोना येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सौर विजेचा विषय निघाला की गावोगावी एकच प्रश्न पुढे येतो आणि तो अगदी रास्त आहे. ढग आले तर काय? सूर्य मावळल्यावर काय? वारा पडला तर काय? हा प्रश्न विचारणारा शेतकरी अडाणी नव्हे. देशातील वीज अभियंत्यांनाही आज हाच प्रश्न भेडसावीत आहे. त्याचे उत्तर कसे शोधले जात आहे, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मी कला शाखेचा पदवीधर, तेव्हा सूत्रे व समीकरणे मजकडून अपेक्षू नयेत. तेवढ्यापुरते आपले नशीब बरे म्हणावयाचे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. वीज ही कोठीत भरून ठेवण्याची वस्तू नाही. ज्या क्षणी ती निर्माण होते त्याच क्षणी ती कोठेतरी वापरली गेली पाहिजे. रामाकोन्याच्या वावरात मोटरपंप सुरू झाला की त्याच क्षणी सारणीत, कोराडीत किंवा आणखी कोठेतरी एखाद्या जनित्रावर तेवढा भार चढतो. हा तोल सांभाळला जात आहे की नाही हे दर्शविणारा काटा म्हणजे विजेची वारंवारता. आपल्या देशात ती सेकंदाला ५० आवर्तने असावी असे ठरलेले आहे आणि ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ती राखावी असा नियम आहे. मागणी वाढली की काटा खाली येतो, घटली की वर जातो. मध्य प्रदेशासाठी हे काम जबलपूरचे भारप्रेषण केंद्र अहोरात्र करीत असते. त्या केंद्राचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल, आणि खरे म्हणजे ते ऐकू न येणे हेच त्याच्या चोख कामाचे प्रमाणपत्र आहे.

या तोलाची कसोटी पाहणारा एक प्रसंग आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. दिनांक ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता नऊ मिनिटे घरोघरचे दिवे मालवून पणत्या लावण्यात आल्या होत्या. त्या वेळी मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने घटली आणि दिवे पुन्हा लागताच तितक्याच वेगाने वर आली. औष्णिक केंद्राची भट्टी अशी चुटकीसरशी मंद किंवा प्रखर करता येत नाही. थंड पडलेला बाष्पक पुन्हा तापवून जनित्र फिरवावयास कित्येक तास लागतात. त्या रात्री मुख्य भार उचलला तो जलविद्युत केंद्रांनी. काही मिनिटांत त्यांनी आपले उत्पादन सुमारे साडेसतरा हजार मेगावॅटने उतरविले आणि लगेच पुन्हा चढविले. वारंवारता ४९.७० आणि ५०.२६ यांच्या दरम्यान राहिली. जाळे कोसळले नाही.

आता असे पाहा की, सूर्य हा कमी-अधिक अशीच परीक्षा दररोज घेतो. दुपारी सौर विजेचा पूर येतो, सायंकाळी सहा-सातच्या सुमारास ती शून्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतून दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. वाऱ्याची तऱ्हा निराळी. देवासजवळील जामगोदरानीच्या टेकड्यांवर किंवा सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा. म्हणजे ढगांमुळे सौर वीज उणावते त्याच महिन्यांत वारा भरात असतो. निसर्गाने ही सोय बऱ्यापैकी केली आहे. परंतु बऱ्यापैकीवर वीजजाळे चालत नाही.

म्हणून पहिला उपाय अंदाजाचा. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागात किती वीज देणार हे सौर व पवन प्रकल्पांनी आगाऊ कळवावे लागते. मध्य प्रदेशात व महाराष्ट्रातही यासंबंधीचे विनियम २०१८ साली करण्यात आले. अंदाज ठराविक मर्यादेपलीकडे चुकल्यास भुर्दंड बसतो. पाऊसपाण्याच्या अंदाजावर आपण चेष्टा करतो, पण येथे त्याची किंमत रुपयांत मोजली जाते.

दुसरा उपाय पाण्याचा, आणि तो आपल्या अंगणातला आहे. पेंच नदीवरील तोतलाडोहचे १६० मेगावॅटचे वीजगृह मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांचे सामाईक असून त्यातील दोन तृतीयांश वीज आपल्या राज्यास मिळते. सह्याद्रीत कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तिच्या पाण्याच्या वापरावर लवादाची मर्यादा असल्याने ते पाणी सकाळ-सायंकाळच्या चढत्या मागणीसाठी जपून वापरले जाते. याहून मौजेची योजना घाटघरची. तेथे २००८ पासून २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. वीज स्वस्त व मुबलक असेल तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची. यात खर्चलेल्या विजेपैकी सुमारे एक चतुर्थांश वाया जाते, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही दुपारची वीज रात्रीला पुरविणे याचा अर्थ हाच. नीमच जिल्ह्यात गांधीसागर येथे असेच केंद्र उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

विजेच्या घटांची, म्हणजे बॅटऱ्यांची, किंमतही आता उतरली आहे. रीवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाने २०१७ साली पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे हा दर दिला तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. त्या विजेचा काही भाग दिल्लीच्या मेट्रो रेल्वेला जातो. पण त्या दरात रात्र नव्हती. २०२५ साली मुरैना येथील प्रकल्पाच्या निविदेत बॅटरीसह, म्हणजे सकाळ-सायंकाळची वीज धरून, २ रुपये ७० पैसे दर आला. त्याच मुरैना भागासाठी उत्तर प्रदेशाबरोबर एका संयुक्त प्रकल्पाची आखणी झाली आहे. आपल्याकडे रब्बीच्या ओलिताला ऑक्टोबर ते मार्च वीज अधिक लागते, तर त्यांच्याकडे खरिपात. सहा महिने त्यांनी घ्यावी, सहा महिने आपण.

जाळे जितके विस्तृत तितका एका ठिकाणच्या ढगाचा परिणाम कमी. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा देश एका वारंवारतेवर आला. मात्र मोठ्या जाळ्यातील बिघाडही मोठाच असतो. ३० जुलै २०१२ च्या पहाटे आपल्याच राज्यातील बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तिन्ही विभाग कोसळून सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ पोहोचली. वीजनिर्मिती वाढते, वाहिन्या मागे राहतात, हे दुखणे जुने आहे आणि सौर प्रकल्पांच्या घाईत ते पुन्हा डोके वर काढीत आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. शेतीला दिवसाकाठी १० तास वीज द्यावी असे राज्याचे धोरण आहे. पण ते दहाही तास दिवसाचेच असतील असे नाही. पौष-माघातील कडाक्याच्या थंडीत, सापा-रानडुकरांच्या भीतीत, गव्हा-हरभऱ्याला पाणी देणे म्हणजे काय हे येथे बसलेल्या मंडळींना मी सांगावयास नको. हे ओलीत दुपारकडे सरकविता आले तर शेतकऱ्याची झोप वाचते आणि जाळ्याचेही काम होते, कारण दुपारी उतू जाणारी सौर वीज जागच्या जागी खपते. मागणी ऊन असेल तेथे नेणे हा सर्वात स्वस्त उपाय, असे माझे मत झाले आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराला पाण्याची निकड एप्रिल-मे महिन्यांत असते. तेव्हा ऊनही भरपूर असते. पाऊस पडतो त्या दिवशी पंपाची गरजच नसते. अडचण येते ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या ढगाळ दिवसांत, आणि त्या दिवसांपुरते जाळे पाठीशी असावेच लागते.

सीमेपलीकडे आपल्या सोयऱ्यांच्या गावांत याच दिशेने काम झाले आहे. महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राळेगणसिद्धीपासून सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. यात उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज दिली जाते. प्रकल्पाला दिलेल्या खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतही शेतीचे फीडर सौर विजेवर आणण्याची तरतूद आहे, तसेच स्वतंत्र सौर पंपाचीही. लाईन दूर असेल तेथे स्वतंत्र पंप उत्तम. पण ओलीत नसेल त्या दिवसांत त्याची वीज वाया जाते. फीडरवरची वीज मात्र उरली तर जाळ्यात जाऊन दुसऱ्याच्या कामी येते. हलकी जमीन यास द्यावी, बागायती वावर देऊ नये, हे ग्रामसभेने आपल्या पातळीवर पाहावे.

दिवसाची लाईन मिळाल्यावर एक गोष्ट मात्र गावालाच करावी लागेल. पंपांना जोडलेले ‘ऑटो’ काढावे लागतील. लाईन येताच सर्व पंप एकदम सुरू होतात, दाब घसरतो आणि डीपी जळते. ती बदलून येईपर्यंत उभे पीक वाळते. पाळीपाळीने पंप लावणे आणि प्रत्येक पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविणे, या दोन गोष्टींनी दाब टिकतो. कपॅसिटर किती क्षमतेचा हवा ते पंपाच्या अश्वशक्तीवर ठरते. ते आकडे मी सांगण्यापेक्षा येथे उपस्थित असलेल्या वीज कंपनीच्या कनिष्ठ अभियंत्यांकडून आपण आपापल्या पंपापुरते लिहून घ्यावेत.