पुसलेली टेप

 

आज पदवी घेतलेल्या मुलामुलींनो, रेडिओ खगोलशास्त्रात मी ३४ वर्षं काढली. सुरुवातीला ज्या वेधशाळेत होते, तिथे रात्रभराची निरीक्षणं चुंबकीय टेपांवर साठवत. टेपा महाग. दर तिमाहीला भांडार विभागाचं पत्र यायचं, ‘वापरलेल्या टेपा परत करा.’ त्या पुसून पुन्हा आमच्याकडेच यायच्या. एकदा नोंदीत मधेच एक टोकदार उसळी दिसली. वरिष्ठांकडे कागद घेऊन गेले. त्यांनी तो हातातही घेतला नाही. ‘जनरेटर असेल, नाहीतर मोटरसायकल. छाटून टाक.’ मी छाटली. टेप पुसली गेली. असेलही मोटरसायकल. पण आता ते कुणालाच तपासता येणार नाही, आणि हे मला आजही खुपतं.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या २००१ सालच्या नोंदी अशा पुसल्या गेल्या नव्हत्या. खगोलशास्त्रज्ञ डंकन लॉरिमर यांनी त्या डेव्हिड नार्केविक नावाच्या पदवीच्या विद्यार्थ्याला चाळायला दिल्या. तुमच्याच वयाचा मुलगा. त्याला ५ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ टिकलेला रेडिओ लहरींचा एक स्फोट सापडला. जास्त वारंवारतेच्या लहरी आधी पोचल्या होत्या, कमी वारंवारतेच्या मागाहून. वाटेतले इलेक्ट्रॉन त्यांना असं मागे रेटतात. इथे उशीर एवढा होता, की स्फोट आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडचा असणार. २००७ मध्ये हे जाहीर झालं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही.

शंकेला कारणही होतं. पार्क्सलाच तसे दिसणारे आणखी काही संकेत मिळत होते आणि ते पृथ्वीवरचेच वाटत होते. पण तेही कुणी फेकले नाहीत. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यांचा उगम शोधला: वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन, तो थांबायच्या आत कुणी दार उघडलं की. लॉरिमर यांचा स्फोट मात्र टिकला.

मग २८ एप्रिल २०२०. आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारकडून, म्हणजे प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याकडून, तसाच स्फोट आला. तो टिपणाऱ्यांत क्रिस्टोफर बोखेनेक या विद्यार्थ्याचे अँटेनाही होते. धातूचा सहा इंची पाइप आणि भोवती केकची भांडी! या बातमीने मला किती आनंद झाला, काय सांगू.

तुम्ही उद्या औषध कंपनीत जा, हवामान खात्यात जा, कुठेही जा. आता यंत्रं मोजता मोजताच नको ते गाळतात. आमच्या वेळी निदान माणूस छाटायचा. ती गाळणी कुणी लावली, काय समजून लावली, हे विचारा. विचारताना वरिष्ठ चिडले तरी विचारा. आणि मूळ नोंद पुसू देऊ नका. पुन्हा सांगते, पुसू देऊ नका.

त्या काळातली माझी नोंदवही अजून माझ्याकडे आहे. त्या रात्रीपुढे पेन्सिलीने एकच शब्द आहे, ‘छाटले’. वेळ नाही, दिशा नाही. अक्षर माझं आहे.