उतरणारी बॅटरी

सकाळी घाईने मोटारीत बसावे, किल्ली फिरवावी आणि पुढून नुसते 'टक्' एवढेच ऐकू यावे, हा अनुभव ज्याच्या दारी मोटार आहे त्याला केव्हा ना केव्हा येतोच. चार शेजारी धावून येतात, धक्का मारतात, गाडी सुरू होते आणि आपण तो प्रसंग विसरून जातो. आठवड्याने पुन्हा तेच झाले, की कोणी तरी सांगतो, "बॅटरी गेली, नवी घाला." हजारो रुपये मोजून नवी बॅटरी येते आणि कित्येकदा तीही महिन्याभरात उतरते. मग दोष दुकानदाराला!

घरची पाण्याची टाकी सकाळी रिकामी दिसली, तर आपण लगेच नवी टाकी आणतो काय? नाही. टाकीला चीर गेली आहे का, वरून पाणी नीट चढते का, की रात्रभर एखादी तोटी गळत होती, हे आधी पाहतो. बॅटरीचेही नेमके असेच आहे. ती स्वतः निकामी झालेली असेल, तिच्यात वीज भरली जात नसेल, किंवा भरलेली वीज गाडी उभी असताना कोठे तरी वाहून जात असेल. तिन्हींचे उपाय वेगळे. आणि कारण शोधण्यासाठी लागतो तो एक साधा मल्टिमीटर, नव्या बॅटरीच्या मानाने फारच स्वस्त.

शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली. तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. मोटारीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येकात दोन व्होल्टांहून थोडा अधिक दाब असतो. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी किल्ली लावण्यापूर्वी मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा. १२.६ च्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली, तर ती जवळजवळ उतरलीच म्हणायची. आता दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवायला सांगा. इंजिन फिरत असताना आकडा १० च्या आसपास राहिला तर ठीक. भरलेली असूनही ती ९ च्या खाली कोसळली, तर मात्र बॅटरीचेच आयुष्य सरले असे समजायला हरकत नाही. आपल्याकडच्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षे चालतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर थकतात. उष्णतेने बॅटरी मरते. थंडीत ते फक्त उघडकीस येते.

काही बंद बॅटऱ्यांवर एक हिरवा डोळा असतो. त्यावर फार विसंबू नका. तो सहांपैकी एकाच कप्प्याची खबर देतो.

इंजिन सुरू झाले, की पुन्हा मीटर लावा. आता १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा १२.५ वरच रेंगाळत असेल, तर आल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमीजास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावरून निकाल देऊ नये. टोकांवर पांढरा-हिरवट बुरा साचला असेल, तर तोही चोरच. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून तो धुवावा, टोके घासावीत, पकडी घट्ट आवळाव्यात आणि वरून व्हॅसलीन लावावे.

आता गळती. हे काम थोडे धीराचे आहे. गाडीतले सगळे खटके बंद करा, बॉनेट उघडे ठेवा, बाकीचे दरवाजे लावा आणि किल्ली दूर नेऊन ठेवा. ऋण टोकाची तार सोडवा. मीटर १० अँपिअरच्या घरात लावून त्याची एक सुई तारेला आणि दुसरी बॅटरीच्या टोकाला धरा. अशा स्थितीत गाडी चुकूनही सुरू करू नये, नाही तर मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, पण घाबरू नका. आजच्या गाड्यांतली यंत्रे झोपी जायला अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ घेतात. त्यानंतर ०.०५ अँपिअर किंवा कमी उरले, तर ते क्षम्य आहे. घड्याळ आणि कुलपाची यंत्रणा एवढे खातेच.

पण ०.४ अँपिअर दिसले तर? ५ वॉटचा डिकीतला दिवा साधारण एवढाच प्रवाह घेतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तो साडेतीन दिवसांत पार रिकामी करतो. माझ्या परिचयाच्या एका खेडेगावातल्या डॉक्टरांनी एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. रात्री-अपरात्री बोलावणे येई आणि गाडी हलेना. एकदा तर अडलेल्या बाईकडे ते दुसऱ्याच्या दुचाकीवर बसून गेले. दोष निघाला तो डिकीच्या दिव्याच्या बटणात. झाकण लावले तरी दिवा आत जळतच राही, आणि बंद डिकीत कोण डोकावणार?

चोर नेमका कोणता, हे ओळखायला फ्यूज एकेक करून काढा आणि आकड्याकडे पाहा. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडला, त्याच वाटेवर चोर आहे. बहुधा तो मागाहून बसवलेला रेडिओ, कॅमेरा किंवा धोक्याची घंटा असतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर आल्टरनेटरमधला डायोड गळत असण्याचा संभव आहे. ते काम मिस्त्रीवर सोपवावे.

कधी कधी दोष कशातच सापडत नाही, कारण तो वापरात असतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि कितीतरी धडधाकट बॅटऱ्या उतरल्या. ०.०५ अँपिअरची निरुपद्रवी गळतीसुद्धा दोन आठवड्यांत निम्मी बॅटरी खाते. रविवारी मंडईपर्यंत जाऊन येणारी गाडीही याच जातीची. वाटेत दिवे, पंखा, एसी चालू, सिग्नलला थांबणे. भरणा व्हायला वेळ मिळतच नाही. आठवड्यातून एकदा तिला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याने न्यावी. महिनाभर गावाला जाणार असाल, तर ऋण तार सोडून ठेवावी. परत आल्यावर घड्याळ तेवढे लावावे लागेल.

उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नका. तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट बसतात, आणि मग ती पुन्हा पुरती भरत नाही. दोष निघाल्यावर तिला चार्जरवर ३ ते ४ अँपिअरने रात्रभर लावावी, खोली मोकळ्या हवेची असावी आणि जवळ विडीकाडी पेटवू नये. भरताना हायड्रोजन वायू निघतो. तार सोडताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी.